दिवाळी अंकाची डिजिटल आवृत्ती इनडिझाइनमध्ये: लिंक, बटणे, व्हिडिओ यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंक प्रेसला गेला की संपादकांचा फोन येतो, ‘आता याचीच पीडीएफ करा, सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवू.’ तिथून पुढे जे प्रश्न पडतात ते इथे घेतले आहेत. उत्तरे ॲडोबी इनडिझाइन या पानांची मांडणी करण्याच्या सॉफ्टवेअरच्या सध्याच्या आवृत्त्या धरून दिली आहेत. मेन्यू आणि पर्यायांची नावे पडद्यावर इंग्रजीत दिसतात, ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. दिवाळी अंकाच्या जागी स्मरणिका, वार्षिक अहवाल किंवा शाळेचे नियतकालिक असले तरी फारसा फरक पडत नाही.

छपाईची पीडीएफ तशीच पाठवली तर काय बिघडते?

पहिली अडचण वाचण्याची. ए४ पान २१ सेंटिमीटर रुंद असते आणि फोनचा पडदा साधारण ६.८ सेंटिमीटर. म्हणजे पान जवळजवळ एक तृतीयांश होते आणि ११ पॉइंटचा मजकूर साडेतीन पॉइंटचा दिसतो. वाचक बोटांनी पान मोठे करतो, ओळ संपेपर्यंत उजवीकडे सरकवतो, पुन्हा डावीकडे आणतो. दोन कॉलमच्या पानावर हा उद्योग दोनदा करावा लागतो. तिसऱ्या पानाला तो अंक बंद करतो.

शिवाय प्रेसच्या पीडीएफमध्ये कटिंगच्या खुणा आणि ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेला भाग) असतात, रंग सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे) असतात, चित्रे ३०० पीपीआयची (दर इंचाला ३०० पिक्सेल) असतात. त्यामुळे फाइल विनाकारण जड होते आणि काही व्ह्यूअरमध्ये रंग मळकट दिसतात. लिंकही बहुतेक वेळा गेलेल्या असतात, कारण ‘ॲडोबी पीडीएफ (प्रिंट)’च्या एक्स्पोर्ट खिडकीत ‘बुकमार्क्स’ (व्ह्यूअरच्या बाजूच्या पट्टीत दिसणारी लेखांची यादी) आणि ‘हायपरलिंक्स’ या चौकटींवर टिक केल्याशिवाय त्या फाइलमध्ये उतरत नाहीत.

मग सुरुवात कुठून करायची?

अंक वाचकापर्यंत कोणत्या रूपात जाणार, इथून. इनडिझाइनच्या ‘विंडो > इंटरॅक्टिव’ मेन्यूत सगळी पॅनल्स एका रांगेत दिसतात, त्यामुळे सगळे सगळीकडे चालेल असे वाटते. तसे नाही. पीडीएफमध्ये लिंक, बुकमार्क, साधी बटणे आणि फॉर्म चालतात. ॲनिमेशन आणि ‘ऑब्जेक्ट स्टेट्स’चा (एकाच जागी बदलत जाणाऱ्या फोटोंचा) स्लाइड शो पीडीएफमध्ये चालत नाही. हे दोन्ही पानाची मांडणी जशीच्या तशी ठेवणाऱ्या फिक्स्ड लेआउट ईपब या ई-पुस्तकात आणि ब्राउझरमध्ये अंक दाखवणाऱ्या ‘पब्लिश ऑनलाइन’मध्ये चालतात, पण फॉर्म आणि पान उलटण्याचे इफेक्ट तिथे नसतात. मजकूर पडद्याप्रमाणे ओघळणाऱ्या रिफ्लोएबल ईपबमध्ये बटण, ॲनिमेशन, स्लाइड शो काहीच नाही. तिथे लिंक, अनुक्रमणिका आणि तळटीपा एवढेच भरवशाचे.

आणखी एक खोच आहे. ‘पीडीएफमध्ये चालते’ याचा अर्थ संगणकावरच्या ॲक्रोबॅट रीडरमध्ये चालते. फोनवरचा व्ह्यूअर त्यातले निम्मेअधिक दुर्लक्षितो. तुमचे वाचक व्हॉट्सॲपवरून अंक उघडणार असतील तर लिंक चोख करा, आणि बाकी गोष्टी नसल्या तरी अंक अडणार नाही अशी मांडणी ठेवा. आठवडाभर ॲनिमेशनवर घालवून शेवटी पीडीएफ काढणे, ही या कामातली सगळ्यात महागडी चूक आहे.

फोनसाठी पानाचा आकार किती घ्यावा?

नवीन डॉक्युमेंट उघडताना ‘प्रिंट’ऐवजी ‘मोबाइल’ किंवा ‘वेब’ निवडा. माप पिक्सेलमध्ये येते, रंग आरजीबी (पडद्याचे) होतात आणि समोरासमोरची पाने बंद होतात. ५४० × ९६० पिक्सेलचे उभे पान सोयीचे पडते. इनडिझाइनमध्ये एक पिक्सेल म्हणजे एक पॉइंट. हे पान फोनवर साधारण ०.३६ पट दिसते, म्हणून मूळ मजकूर २६ ते २८ पॉइंट ठेवला तर वाचकाला तो साडेनऊ-दहा पॉइंटचा भासतो. देवनागरीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार येतात, त्यामुळे लीडिंग (ओळींमधले अंतर) टाइपाच्या दीडपट तरी हवे. पडद्यावर २८ पॉइंट बघून ‘हे फार मोठे झाले’ असे वाटेल. तरी बदलू नका, एक पान एक्स्पोर्ट करून फोनवर बघा.

ओळ मात्र ‘जस्टिफाय’ करू नका. इतक्या अरुंद कॉलममध्ये मराठीतले लांबलचक सामासिक शब्द ओळीत मोठमोठी भगदाडे पाडतात. डावीकडे सरळ आणि उजवीकडे मोकळे ठेवा.

‘लेआउट > क्रिएट आल्टरनेट लेआउट’ वापरून त्याच फाइलमध्ये दुसऱ्या मापाची पाने करता येतात आणि मजकूर मूळ पानांशी जोडलेला राहतो. कथा-कवितांच्या साध्या पानांना हे पुरते. चित्रे आणि जाहिराती गुंतलेल्या पानांवर ‘लिक्विड लेआउट’चे (माप बदलल्यावर वस्तू कशा सरकाव्यात याचे) नियम लावत बसण्यापेक्षा नवी फाइल करून मजकूर ओतणे लवकर होते.

बुकमार्कमध्ये मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसते. का?

मराठी डीटीपीतला हा सर्वांत जुना रोग आहे. मजकूर श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव किंवा डीव्हीबी मालिकेतल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. पानावर फॉन्ट आहे तोवर ‘दिवाळी’ दिसते, पण आतला मजकूर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचाच असतो. बुकमार्कची पट्टी स्वतःच्या फॉन्टमध्ये अक्षरे दाखवते, म्हणून खरे रूप उघडे पडते. याच कारणाने अशा पीडीएफमध्ये शोध लागत नाही, मजकूर कॉपी केला की कचरा येतो आणि दृष्टिहीनांसाठीचा स्क्रीन रीडर भलतेच वाचतो.

पट्टीतली बुकमार्कची नावे हाताने युनिकोडमध्ये (देवनागरीला स्वतःचे सांकेतिक क्रमांक देणारी पद्धत) टाइप करून वेळ मारून नेता येते. अंक एकदाच निघणार असेल तर तेही चालेल. खरा इलाज म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये आणणे. कन्व्हर्टर निवडताना तुमच्या नेमक्या फॉन्टचे नाव त्यात आहे का ते पाहा, कारण एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या मालिकांचा कीमॅपसुद्धा (कोणत्या जागी कोणते अक्षर, याची मांडणी) वेगळा असतो. रूपांतरानंतर या जागा डोळ्यांनी तपासा:

– ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’. कन्व्हर्टर इथे हमखास चुकतो आणि ‘दर्या’, ‘तर्हा’ करून ठेवतो. दरीची दऱ्या होण्याऐवजी समुद्र झाला तर वाक्य तरीही बरोबर वाटते, म्हणून मुद्रितशोधकाच्या नजरेतून सुटते.
– ‘ॲ’ हे एकच अक्षर आहे की ‘अ’वर चंद्र बसवलेला आहे. दिसायला सारखे असले तरी शोधताना दोन्ही वेगळे धरले जातात. सगळीकडे एकच रूप करून घ्या.
– रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर येणारे शब्द.
– मधेच आलेले इंग्रजी शब्द आणि ईमेल पत्ते. कन्व्हर्टर त्यांनाही मराठी समजून त्यांची वाट लावतो.

ठळक आणि तिरकी अक्षरे या प्रवासात गळतात, तेव्हा मूळ पानांची प्रिंट शेजारी ठेवा. युनिकोड फॉन्ट म्हणून तिरो देवनागरी मराठी, मुक्ता किंवा नोटो सेरिफ देवनागरी वापरता येतील. तिन्ही खुल्या परवान्याचे आहेत, म्हणजे ईपबमध्ये घालतानाही अडचण नाही.

युनिकोड केल्यावर जोडाक्षरे तुटली, वेलांटी चुकीच्या बाजूला गेली.

पॅराग्राफ स्टाइलमध्ये ‘जस्टिफिकेशन’ भागात ‘कंपोझर’ बदला: ‘ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’. साधा पॅराग्राफ कंपोझर देवनागरीची जोडणी करत नाही. स्टाइलमध्येच बदल करा, एकेक परिच्छेद निवडून नको. नाहीतर कोपऱ्यातला एखादा फोटो-ओळीचा परिच्छेद तसाच राहतो. त्याच वेळी भाषा ‘मराठी’ लावा. ती सोय सीएस६पासून आहे आणि स्पेलिंग तपासायला उपयोगी पडते.

अनुक्रमणिकेवर टॅप केल्यावर थेट लेखावर जायचे आहे.

प्रत्येक लेखाच्या शीर्षकाला एकच पॅराग्राफ स्टाइल लावा, समजा ‘लेख-शीर्षक’. मग ‘लेआउट > टेबल ऑफ कंटेंट्स’ उघडा, ती स्टाइल ‘इन्क्लूड पॅराग्राफ स्टाइल्स’मध्ये घ्या, ‘मोअर ऑप्शन्स’ दाबून ‘क्रिएट पीडीएफ बुकमार्क्स’वर टिक करा. तयार झालेली अनुक्रमणिका पानावर ठेवली की तिच्या ओळी आपोआप लिंक होतात आणि बुकमार्कही तयार होतात. लेख मागेपुढे झाले तर अनुक्रमणिकेत कर्सर ठेवून ‘अपडेट टेबल ऑफ कंटेंट्स’ करा.

बिघाड बहुतेक वेळा दोन ठिकाणी होतो. शीर्षक दोन ओळींचे असेल आणि मध्ये एंटर मारलेला असेल तर अनुक्रमणिकेत दोन वेगळ्या नोंदी येतात. तिथे शिफ्ट-एंटर हवा. दुसरे म्हणजे शीर्षक सुलेखनकाराने काढून चित्र म्हणून लावलेले असते. दिवाळी अंकात हे सर्रास असते आणि चित्राला पॅराग्राफ स्टाइल नसते. अशा पानावर छोट्या फ्रेममध्ये शीर्षक टाइप करा, स्टाइल तीच ठेवा, अक्षरांचा रंग ‘नन’ करा आणि फ्रेम चित्राच्या मागे ठेवा.

अनुक्रमणिका हाताने मांडलेली, सजावटीची असेल तर प्रत्येक नाव निवडून हायपरलिंक्स पॅनलमधून ‘पेज’ प्रकारची लिंक द्या. पाने हलवली तर या लिंक पुन्हा तपासाव्या लागतात. एवढे कष्ट घ्या, कारण फोनवरचे बरेच व्ह्यूअर बुकमार्कची पट्टी दाखवतच नाहीत. पानावरची अनुक्रमणिका हाच तिथे खरा रस्ता असतो.

पानांचे आकडे मराठीत कसे ठेवायचे?

जुन्या फॉन्टमध्ये आपोआप येणारा पानक्रमांक मराठी दिसायचा, कारण त्या फॉन्टमध्ये इंग्रजी आकड्याच्या जागी ‘१’चे चित्र होते. युनिकोड फॉन्ट लावताच तो इंग्रजी होतो. साधी युक्ती अशी की फक्त पानक्रमांकासाठी कॅरेक्टर स्टाइल करून तिथे जुना फॉन्ट तसाच राहू द्या. टेबल ऑफ कंटेंट्सच्या खिडकीत ‘पेज नंबर’च्या शेजारी ‘स्टाइल’ असते, तिथेही तीच स्टाइल द्या. पानक्रमांक कोणी शोधत नाही की कॉपी करत नाही, त्यामुळे एवढ्यापुरता हा जुगाड निर्धास्त चालतो. फॉन्टचा परवाना एम्बेड करायला मुभा देतो का, तेवढे पाहा.

जाहिरातीतल्या फोन नंबरवर, व्हॉट्सॲपवर, पत्त्यावर टॅप करता यायला हवे.

डिजिटल अंकात जाहिरातदाराला खरोखर काही मिळते ते इथे, आणि यात वेळही थोडा जातो. जाहिरात बहुधा एक सबंध चित्र म्हणून आलेली असते. नंबरच्या बरोबर वर एक रिकामी आयताकृती फ्रेम काढा, फिल (आतला रंग) आणि स्ट्रोक (कडेची रेघ) दोन्ही ‘नन’ ठेवा आणि तिला हायपरलिंक द्या.

फोनसाठी ‘यूआरएल’ प्रकार घेऊन इंग्रजीत टेल, कोलन, अधिक चिन्ह आणि ९१सह पूर्ण नंबर. व्हॉट्सॲपसाठी वा-डॉट-मी या पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि ९१सह नंबर. इथे अधिक चिन्ह किंवा सुरुवातीचे शून्य नको. दोन्हीकडे आकडे इंग्रजीच टाइप करायचे. देवनागरी आकडे दिसायला ठीक असतात, पण डायलर ते ओळखेल याचा भरवसा नाही. दुकानाच्या पत्त्यासाठी गूगल मॅप्सवर ‘शेअर’ दाबून मिळालेली लिंक वापरा.

वेबसाइटची लिंक देताना सुरुवातीचे एचटीटीपीएस, कोलन आणि दोन तिरक्या रेघा गाळू नका. त्या नसल्या तर काही व्ह्यूअर ती वेबसाइट न समजता फोनमधली एखादी फाइल समजतात आणि ‘फाइल सापडली नाही’ म्हणतात. मराठी विकिपीडियासारख्या देवनागरी अक्षरे असलेल्या लिंक एक्स्पोर्टनंतर एकदा टॅप करून बघाच. मधल्या अक्षरांचे सांकेतिक रूप बिघडले तर छोटी केलेली लिंक वापरा.

मजकुरात विखुरलेले वेबपत्ते एकेक शोधायची गरज नाही. हायपरलिंक्स पॅनलच्या मेन्यूत ‘कन्व्हर्ट यूआरएल्स टू हायपरलिंक्स’ आहे. नव्या लिंकला इनडिझाइन आपणहून निळी, अधोरेखित कॅरेक्टर स्टाइल लावते. अंकाच्या रूपाला ती शोभत नसेल तर ‘हायपरलिंक’ नावाची ती स्टाइलच बदला, म्हणजे सगळीकडे एकदम बदल होतो.

क्यूआर कोड डिजिटल अंकात ठेवावा का?

छापील अंकात जरूर. ‘ऑब्जेक्ट > जनरेट क्यूआर कोड’मधून तो व्हेक्टर स्वरूपात तयार होतो, किमान २ सेंटिमीटर ठेवा, भोवती पांढरी जागा सोडा, काळ्यावर पांढरा करू नका. फोनवर अंक वाचणारा माणूस मात्र स्वतःच्याच फोनच्या पडद्यावरचा कोड त्याच फोनच्या कॅमेऱ्याने कसा टिपणार? डिजिटल आवृत्तीत कोडाच्या फ्रेमला तीच लिंक द्या आणि शेजारी ‘इथे टॅप करा’ लिहा.

प्रत्येक पानावर ‘अनुक्रमणिका’ असे परत जाण्याचे बटण हवे.

पेरेंट पानावर (त्यावर ठेवलेले सगळ्या पानांवर येते) एकदाच करा. जुन्या आवृत्त्यांत यालाच मास्टर पेज म्हणत. फ्रेम काढून ‘अनुक्रमणिका’ लिहा, फ्रेम निवडून ‘विंडो > इंटरॅक्टिव > बटन्स अँड फॉर्म्स’ उघडा, प्रकार ‘बटन’ घ्या, इव्हेंट ‘ऑन रिलीज ऑर टॅप’ ठेवा आणि अधिक चिन्ह दाबून क्रिया निवडा.

इथे एक सापळा आहे. यादीत ‘गो टू पेज’ दिसते आणि हात सहज तिकडेच जातो, पण ती क्रिया ‘ईपब ओन्ली’ गटातली आहे. पीडीएफमध्ये त्या बटणाचे काहीच होत नाही. पीडीएफसाठी अनुक्रमणिकेच्या शीर्षकात कर्सर ठेवा, हायपरलिंक्स पॅनलच्या मेन्यूतून ‘न्यू हायपरलिंक डेस्टिनेशन’ घेऊन ‘टेक्स्ट अँकर’ (लिंक जिथे पोचायची ती खूण) करा, आणि बटणाला ‘गो टू डेस्टिनेशन’ देऊन तो अँकर निवडा. की बटण हवेच कशाला? त्याच फ्रेमला साधी ‘पेज’ प्रकारची हायपरलिंक दिली तर ती बटणापेक्षा जास्त व्ह्यूअरमध्ये चालते. माउस वर नेल्यावर रंग बदलायचा असेल तेव्हाच बटण लागते, आणि फोनवर माउस नसतो.

आकार अंदाजाने ठरवू नका. ॲपल टॅपच्या जागेसाठी किमान ४४ पॉइंट सुचवते. ५४० पिक्सेलच्या पानावर त्याचे सुमारे ६० पिक्सेल होतात. चिन्ह लहान ठेवायचे असले तरी भोवतीची पारदर्शक फ्रेम एवढी ठेवा.

प्रेसच्या फाइलमध्ये बटणे छापली गेली तर?

छापली जाऊ शकतात. म्हणून सुरुवातीलाच ‘डिजिटल’ नावाचा वेगळा लेयर करा आणि बटणे, रिकाम्या लिंक-फ्रेम, ‘इथे टॅप करा’च्या ओळी सगळे तिथेच ठेवा. प्रेससाठी एक्स्पोर्ट करताना तो लेयर झाका, डिजिटलसाठी उघडा.

फोटोंचा स्लाइड शो कसा करायचा?

फिक्स्ड ईपब किंवा पब्लिश ऑनलाइनसाठी: सगळे फोटो एकाच मापाचे करा, अलाइन पॅनलने एकावर एक बसवा, सगळे निवडून ‘विंडो > इंटरॅक्टिव > ऑब्जेक्ट स्टेट्स’मध्ये नवीन स्टेटचे चिन्ह दाबा. प्रत्येक फोटोची एक स्टेट होते. मागे-पुढे जाण्याची दोन बटणे त्या संचाच्या बाहेर, वेगळी काढा आणि त्यांना ‘गो टू नेक्स्ट स्टेट’, ‘गो टू प्रीव्हियस स्टेट’ द्या. बटणे चुकून आत गेली तर पहिल्या फोटोनंतर तीही गायब होतात. शेवटच्या फोटोवर थांबायचे असेल तर ‘स्टॉप ॲट लास्ट स्टेट’वर टिक करा.

पीडीएफमध्ये असा संच नेला तर एकच फोटो दिसतो. तिथे दुसरी वाट आहे: प्रत्येक मोठा फोटो स्वतःच बटण करायचा, पहिला सोडून बाकींना ‘हिडन अनटिल ट्रिगर्ड’ लावायचे, आणि खालच्या छोट्या फोटोंना ‘शो/हाइड बटन्स अँड फॉर्म्स’ क्रिया द्यायची. या क्रियेत सगळ्या बटणांची यादी येते. प्रत्येकापुढच्या चौकटीवर क्लिक करत ‘दाखव’ किंवा ‘लपव’ ठरवायचे. सहा फोटो असतील तर सहाही छोट्या फोटोंना एक दाखव, पाच लपव. एक जरी ‘लपव’ राहिले तर फोटो एकमेकांवर साचतात. बटणांना ‘फोटो-१’, ‘फोटो-२’ अशी नावे आधीच द्या, नाहीतर यादीत ‘बटन १७’ कोणते हे आठवत बसाल. फोनवर मात्र हे चालेलच असे नाही. रांगोळी स्पर्धेचे सहा फोटो सरळ सहा पानांवर लावले तर वाचक बोटाने सरकवत बघतोच.

व्हिडिओ आणि कवितावाचनाचा ऑडिओ अंकातच घालता येईल का?

येईल. व्हिडिओ एच.२६४चा एमपी४, ऑडिओ एमपी३. ‘फाइल > प्लेस’ने आणा आणि मीडिया पॅनलमध्ये ‘पोस्टर’ निवडा. पोस्टर न दिल्यास चालू होण्याआधी तिथे काय दिसेल याची खात्री नसते. ‘प्ले ऑन पेज लोड’ बंद ठेवा. लोकलमध्ये अंक उघडल्यावर अचानक मोठ्याने तुतारी वाजणे कुणालाच आवडत नाही.

पीडीएफमध्ये मात्र घालू नका, असाच आमचा सल्ला. फाइल व्हिडिओच्या वजनाने फुगते, संगणकावरचे ॲक्रोबॅट आधी परवानगी मागते आणि फोनवर नुसते पोस्टर दिसते. त्याऐवजी व्हिडिओ यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवा, पोस्टरवर त्रिकोणी चिन्ह काढा, आणि त्या फ्रेमला लिंक द्या. पब्लिश ऑनलाइन आणि फिक्स्ड ईपबसाठी ‘ऑब्जेक्ट > इन्सर्ट एचटीएमएल’मध्ये यूट्यूबचा एम्बेड कोड चिकटवता येतो, तो दिसायला इंटरनेट लागते.

पान उलटण्याचा इफेक्ट मिळेल का?

पूर्वी जो कोपरा धरून उलटणारा ‘पेज कर्ल’ होता तो फ्लॅशच्या एसडब्ल्यूएफ फाइलमध्ये चालायचा. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचा आधार थांबवला, तिथे तो विषय संपला. बाकीची ‘पेज ट्रान्झिशन्स’ पीडीएफमध्ये जातात, पण फक्त फुल स्क्रीनमध्ये दिसतात.

ॲनिमेशन लावले, पण प्रिव्ह्यूत काहीच हलत नाही.

ईपब इंटरॅक्टिव्हिटी प्रिव्ह्यू पॅनलच्या खालच्या बाजूला तीन चिन्हे असतात: निवडलेली वस्तू, स्प्रेड आणि पूर्ण डॉक्युमेंट. ते ‘सिलेक्शन’वर असेल आणि काहीच निवडलेले नसेल तर काही दिसत नाही. बटणाने दुसऱ्या पानावर जायचे असेल तर ‘डॉक्युमेंट’वर हवे. तरीही हलत नसेल तर ॲनिमेशन पॅनलमधला इव्हेंट पाहा. ‘ऑन पेज लोड’ काढून ‘ऑन क्लिक’ केलेले असते आणि ते लक्षात राहत नाही. अनेक वस्तूंचा क्रम टायमिंग पॅनलमध्ये ओढून बदलतो. कालावधी अर्ध्या ते एका सेकंदापलीकडे नेऊ नका. वाचक मजकूर यायची वाट पाहत थांबत नाही.

वर्गणीचा फॉर्म पीडीएफमध्येच भरून घेता येईल का?

इनडिझाइनमध्ये टेक्स्ट फील्ड, चेक बॉक्स, रेडिओ बटन, यादी सगळे आहे आणि ‘सबमिट फॉर्म’ही आहे. पण वाचक फोनवर असतो, त्याच्या व्ह्यूअरमध्ये फॉर्म भरता येईलच असे नाही, आणि मराठीत टाइप केलेली जोडाक्षरे त्या चौकटीत नीट दिसतील याचीही शाश्वती नाही. गूगल फॉर्मची लिंक द्या. संस्थेच्या आत संगणकांवरच फिरणारा फॉर्म असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ‘ऑब्जेक्ट > इंटरॅक्टिव > सेट टॅब ऑर्डर’ न विसरता करा, नाहीतर टॅब दाबल्यावर नावावरून थेट पिनकोडवर उडी जाते.

एक्स्पोर्ट करताना नेमके काय निवडायचे?

‘फाइल > एक्स्पोर्ट’, प्रकार ‘ॲडोबी पीडीएफ (इंटरॅक्टिव)’. ‘पेजेस’ निवडा, ‘स्प्रेड्स’ नको. ‘फॉर्म्स अँड मीडिया’मध्ये ‘इन्क्लूड ऑल’. ‘अपिअरन्स ओन्ली’ राहिले तर बटणे नुसती चित्रे होतात. ‘क्रिएट टॅग्ड पीडीएफ’वर टिक, म्हणजे स्क्रीन रीडरला मजकुराची रचना कळते. चित्रांसाठी १४४ पीपीआय आणि जेपीईजी ‘हाय’ पुरेसे आहे. पूर्ण अंक २५ एमबीच्या आत बसवायचा प्रयत्न करा, कारण जीमेलची जोडणीची मर्यादा तेवढीच आहे. व्हॉट्सॲप त्याहून खूप मोठ्या फाइल घेते, पण डेटा वाचकाचा जातो.

फाइल जड झाली म्हणून ती ‘प्रिंट टू पीडीएफ’मधून पुन्हा काढू नका, त्यात सगळ्या लिंक जातात. ऑनलाइन कंप्रेसरमधून काढली असेल तर लिंक पुन्हा तपासा. आकार कमी करायचा तर एक्स्पोर्टमध्येच रिझोल्यूशन उतरवा.

पब्लिश ऑनलाइन की ईपब?

पब्लिश ऑनलाइन म्हणजे अंक ॲडोबीच्या सर्व्हरवर चढतो आणि एक लिंक मिळते. वाचक ती ब्राउझरमध्ये उघडतो, काही इन्स्टॉल करावे लागत नाही. चूक सापडली तर त्याच लिंकवर सुधारित अंक चढवता येतो, जे पाठवून झालेल्या पीडीएफबाबत अशक्य. उलट बाजू अशी की इंटरनेट नसेल तर अंक नाही, आणि दहा वर्षांनी ती लिंक जिवंत असेल अशी हमी नाही. संग्रहासाठी पीडीएफ वेगळी ठेवाच.

कथा-लेख जास्त आणि सजावट कमी असेल तर रिफ्लोएबल ईपब वाचकाला सगळ्यात सुखाचा, कारण अक्षर तो स्वतः लहान-मोठे करतो. एक्स्पोर्टमध्ये तळटीपांना ‘पॉप-अप’ पर्याय आहे, वैचारिक लेखांना तो छान लागू पडतो. चित्रांचा क्रम बिघडू नये म्हणून ती मजकुरात अँकर करा (त्या जागेशी बांधा). फिक्स्ड ईपब काढलात तर जोडाक्षरे आणि रफार निदान ॲपल बुक्स आणि थोरियम या दोन रीडरमध्ये पानोपान बघा.

चित्रांना ऑल्ट टेक्स्ट द्यायलाच हवा का?

हवा. ‘ऑब्जेक्ट > ऑब्जेक्ट एक्स्पोर्ट ऑप्शन्स’मध्ये एक ओळ लिहायची: व्यंगचित्रात काय आहे, सुलेखनात कोणते शब्द आहेत. निव्वळ सजावटीच्या वेलबुट्टीला टॅग्ड पीडीएफसाठी ‘आर्टिफॅक्ट’ निवडा, म्हणजे स्क्रीन रीडर ती वगळतो. शीर्षक चित्ररूपात असेल तर ही ओळ फार महत्त्वाची.

इनडिझाइन परवडत नाही. फुकटात काय?

स्क्रायबस. १.४ मालिकेत देवनागरीची जोडणी नव्हती, म्हणून अनेकांनी ते सोडून दिले होते. जानेवारी २०२४मध्ये आलेल्या १.६ या स्थिर आवृत्तीत ती आहे. लिंक, बुकमार्क आणि फॉर्मची पीडीएफ त्यातून निघते. ॲनिमेशन आणि स्लाइड शो नाहीत, पण फोनवर जाणाऱ्या पीडीएफला ते कुठे लागतात?

पाठवण्याआधी कसे तपासायचे?

नुसते संगणकावर नाही. फाइल स्वतःलाच व्हॉट्सॲप करा आणि एक साधा अँड्रॉइड फोन, एक आयफोन आणि संगणकावरचे ॲक्रोबॅट अशा तिन्ही ठिकाणी उघडा. अनुक्रमणिकेची प्रत्येक ओळ टॅप करा. पहिली तीन चालली म्हणून थांबू नका, चुकते ती सहसा शेवटी घुसवलेल्या लेखाची ओळ. प्रत्येक जाहिरातीचा नंबर लावून बघा. मागच्या वर्षीची जाहिरात यंदा पुन्हा वापरली असेल तर चित्रातला नंबर बदललेला असतो आणि वरच्या अदृश्य फ्रेममध्ये जुनाच राहिलेला असतो.